रंग त्यांचे, टाके तुमचे

टाकेबाईंचं खरं नाव मंडळात कुणी घेत नसे. कुणी घेतलंच असतं तर हाक कुणाला मारली म्हणून त्यांनी स्वतःच मागे वळून बघितलं असतं. दोन दुकानांच्या मधल्या जिन्याखाली त्यांचं कपडे अल्टर करून देण्याचं दुकान होतं. जागा इतकी अरुंद की गिऱ्हाईक आत शिरलं की टाकेबाईंना पाय मशीनखाली ओढून घ्यावे लागत. पँट आखूड करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, हेच काम वर्षानुवर्षं. कुणाचं वजन वाढलं आणि कुणाचं उतरलं, ते डॉक्टरांच्या आधी त्यांना कळे, आणि त्या ते कुणाला सांगत नसत. एवढ्या एका गुणावर निम्मी गिऱ्हाइकं टिकून होती.

बुधवारी दुपारी मात्र दुकानाला कुलूप. बुधवार गोधडी मंडळाचा. अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर एक लांबलचक खोली होती, ती बंबवाल्यांनी मंडळाला दुपारपुरती वापरायला दिली होती. मध्ये मोठं टेबल, भोवती बायका, प्रत्येकीच्या मांडीवर आपापलं काम. मधूनच खाली घंटा घणघणायची, बूट धाडधाड वाजत जायचे, खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि सगळ्या जणी सुया वर धरून थांबायच्या. बंब गेला की पुन्हा सुया खाली.

महिन्यातून एकदा दाखवणी असायची. ज्या बाईची गोधडी पुरी झाली असेल तिने ती टेबलावर पसरायची, बाकीच्यांनी चारी बाजूंनी धरायची, उचलायची, निरखायची. मंडळाच्या अध्यक्षा निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांना सगळ्या मोठ्या बाई म्हणत. टाकेबाईंची गोधडी पसरली की मोठ्या बाई आधी चष्मा पुसत, मग म्हणत, "उलटी करा गं."

उलटी केली की खोलीत सगळं चिडीचूप. कारण टाकेबाईंच्या गोधडीची उलटी बाजू सुलटीसारखीच असायची. गाठ कुठे मारली, दोरा कुठे संपला, काही पत्ता लागायचा नाही. धावदोरा असा की मुंग्यांची रांग चाललीय. "हाताला काय देणं आहे हो तुमच्या," असं कुणीतरी हळूच म्हणे. टाकेबाई म्हणत, "सवयीचा भाग आहे." आणि पुढचे चार आठवडे त्या एका कौतुकावर निघत.

अशात त्यांच्या घरी नणंद राहायला आली.

नणंदेने लग्न केलं नव्हतं. उभं आयुष्य दुसऱ्या गावी रंगाच्या दुकानात काउंटरमागे काढलं होतं. लोक भिंतीचा टवका, पडद्याची चिंधी, नाहीतर तुटकी फरशी घेऊन यायचे आणि म्हणायचे, अगदी हाच रंग पाहिजे. नणंद डब्यात पांढरा ओतायची, त्यात थेंबथेंब काय काय टाकायची, काठीने ढवळायची आणि तोच रंग उतरवून द्यायची. मग मालकाच्या मुलाने रंग कालवायचं मशीन आणलं. तुकडा काचेवर ठेवला की मशीनच हिशोब करायचं. नणंदेला आधी गोदामात बसवलं, मग घरी.

आली ती मागच्या खोलीत खिडकीशी बसायची. बोलायची कमी, जेवायची त्याहून कमी. टाकेबाईंचे यजमान नळदुरुस्तीची कामं करत. दिवसभर लोकांच्या मोऱ्यांत डोकं घालून घरी यायचे आणि बहिणीकडे बघून सुस्कारे टाकायचे. एक दिवस ते बायकोला म्हणाले, "अगं, ने की तिला तुझ्या त्या मंडळात. चार बायकांत बसेल तर जीव रमेल तिचा."

"वन्संना सुईत दोरा तरी ओवता येतो का?"

"शिकव ना. तुझ्यासारखी शिकवणारी कुठे मिळणार तिला?"

एवढं बोलल्यावर टाकेबाई पाघळल्या. पुढे कित्येकदा त्यांनी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला, की आपल्याच हाताने आपण हिला जिना चढवून वर नेलं.

सुरुवातीचे दिवस खरं तर सुखाचे गेले. नणंदेचा टाका असा पडायचा की कोंबडी चालून गेलीय. एक इकडे, एक तिकडे. टाकेबाई शेजारी बसून मायेने उसवायच्या, पुन्हा घालून दाखवायच्या. मंडळात एक दातांच्या डॉक्टरीण होत्या, त्या म्हणाल्या, "टाकेबाई, किती धीराच्या आहात हो." त्यावर टाकेबाई म्हणाल्या, "घरचंच माणूस आहे, करायला नको?" आणि त्या वेळी त्यांना ते मनापासून वाटतही होतं.

घरी जुन्या पँटींचे कापलेले पाय, कोटांची अस्तरं अशा कतरणींची एक पिशवी होती. गोधडीला हे कापड शोभत नाही म्हणून टाकेबाई ती कोपऱ्यात टाकून देत. नणंदेने एकदा विचारलं, "वहिनी, हे घेऊ का? शिकायला तुमचं चांगलं कापड कशाला वाया घालवायचं?"

"घ्या की. सगळं घ्या."

त्या कतरणींची गोधडी नणंदेने पुढच्या दाखवणीला टेबलावर पसरली. लहानशी, मांडीवर घेण्यापुरती. राखाडी, मातकट, काळपट, शेवाळी, असे नुसते पँटींचे रंग. पण ते एकातून एक असे निघाले होते की नजर एका कडेला धरली की आपोआप दुसऱ्या कडेला जाऊन पोचायची. आणि पार एका टोकाला कुठल्याशा कोटाच्या अस्तराची लिंबाच्या सालीसारखी पिवळी पट्टी. जेमतेम दोन बोटांची. त्या दोन बोटांनी अख्खी गोधडी उजळून निघाली होती.

 मग सगळ्या एकदमच बोलायला लागल्या. कुणी हात फिरवतेय, कुणी गालाला लावतेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहाट होते तेव्हा माझ्या खिडकीतून असंच दिसतं." मोठ्या बाई चष्मा पुसायचाच विसरल्या. आणि एकीलाही उलटी करायचं सुचलं नाही.

टाकेबाईंनी मोठ्या बाईंकडे बघितलं. त्यांनी थोडी वाट बघितली. मग हसून म्हणाल्या, "उलटी करून बघा की. आपल्यात पद्धत आहे."

उलटी केली. मागे गाठींचा बाजार होता. दोरे लोंबत होते, एके ठिकाणी तर नणंदेने घाईत आपल्या परकराचा धागा सुद्धा शिवून टाकला होता. सगळ्या खळखळून हसल्या, नणंद सगळ्यांत जास्त. "मागून बघायची नाही हो, मागून मी पण अशीच दिसते," असं ती म्हणाली आणि हशा दुप्पट झाला. टाकेबाईंना वाटलं होतं हसं होईल. झालंही. पण ते हसणं प्रेमाचं होतं आणि त्यांना ते जास्त झोंबलं.

घरी यजमानांनी ती गोधडी मांडीवर घेतली आणि रेडिओ लावला. "काय ऊब आहे गं हिला!"

टाकेबाईंनी शिवलेल्या गोधडीखाली हा माणूस इतकी वर्षं झोपत होता. ऊब आहे की नाही, हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. टाकेबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागल्या.

तिथून पुढे त्यांचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. मंडळात नणंदेभोवती खुर्च्या सरकायला लागल्या. "जरा बघता का, हा हिरवा याच्याशेजारी चालेल का?" नणंद नुसतं बोट ठेवायची आणि म्हणायची, "याच्यात थोडा तपकिरी आहे, म्हणून भांडतोय. तो दुसरा घ्या." दुसरा घेतला की खरंच भांडण मिटायचं. टाकेबाई समोर बसून सरळ रेषेत टाके घालत राहायच्या आणि कान मात्र तिकडे. नणंदेचं कुणी कौतुक केलं की त्यांची सुई बोटात जायची. तीस वर्षांत न टोचलेली सुई त्या महिन्यात दर बुधवारी टोचली.

मग गावातल्या बाळंतपणाच्या दवाखान्याकडून मंडळाला निरोप आला. बाहेरच्या दालनात, जिथे घरची माणसं ताटकळत बसतात, तिथल्या मोठ्या रिकाम्या भिंतीवर लावायला एक गोधडी हवी होती. खोलीत एकच आनंद झाला. टाकेबाईंनी मान खाली घातली. हे काम आपल्याकडेच येणार, मग जरा आढेवेढे घेऊन हो म्हणावं, असं त्यांनी ठरवलंही.

मोठ्या बाई म्हणाल्या, "मांडणी कुणाची ते विचारायलाच नको." आणि नणंदेकडे बघितलं. मग टाकेबाईंकडे वळून म्हणाल्या, "रंग त्यांचे, टाके तुमचे. घरातल्या घरात काम. याहून चांगलं काय?"

"हो ना," टाकेबाई म्हणाल्या. "याहून चांगलं काय!"

जिना उतरताना नणंदेने त्यांचा हात धरला. "वहिनी, तुम्ही शिवणार म्हणून मी हो म्हटलं. नाहीतर माझी काय बिशाद?" टाकेबाईंना तो हात झटकून टाकावासा वाटला. त्यांनी तो अधिकच घट्ट धरला आणि म्हणाल्या, "पायरी बघा."

मागच्या खोलीत पलंग भिंतीला लावून नणंदेने जमिनीवर चादर पसरली आणि तुकडे मांडायला घेतले. खाली गडद निळा, वर चढत चढत राखाडी, त्याहून वर दुधी, आणि दुधीच्या कडेकडेने विटकरी रंगाचे चौकोनी तुकडे. ती ते ठेवायची, खुर्चीवर चढून बघायची, खाली उतरून इंचभर सरकवायची. टाकेबाई दारात उभ्या राहून बघत. एकदा त्यांनी विचारलंच, "विटकरी सगळे कडेकडेलाच का?"

"राखाडीच्या पोटात ठेवला ना, की विझतो तो. उजेडाच्या कडेला ठेवला की पेटतो. दुकानात मी लोकांना हेच सांगायची, भिंत बघू नका, शेजारची भिंत बघा."

मांडणी पुरी झाली, तुकडे ओळीने टाचण्यांनी टाचले आणि दुसऱ्या दिवशी नणंद चष्म्याचा नंबर काढायला भावाबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. जाताना म्हणाली, "वहिनी, आता सगळं तुमच्या हातात."

घरात टाकेबाई एकट्या. मशीन मागच्या खोलीत आणून ठेवलेलं. त्यांनी पहिली ओळ उचलायला हात घातला आणि तो तसाच राहिला. वरून बघितल्यावर त्यांनाही ते दिसत होतं. एखाद्या घरात एकेक करून दिवे लागावेत तसे ते विटकरी तुकडे दिसत होते. असं आपल्याला कधी सुचलं नसतं, या जन्मात नाही. भिंतीवर हे लागेल, लोक बघतील आणि विचारतील, कुणी केलं?

त्यांनी एक टाचणी काढली. विटकरी तुकडा उचलला, राखाडीच्या मधोमध ठेवला, तिथला राखाडी कडेला आणला. मग दुसरा. मग तिसरा. एकही तुकडा कमी झाला नाही, एकही वाढला नाही. विटकरी तेवढे विझले. नंतर त्यांनी मशीनवर बसून ओळी जोडल्या, आणि त्या दुपारी त्यांनी जसं शिवलं तसं आयुष्यात कधी शिवलं नव्हतं. कोपऱ्याला कोपरा असा बसला की नख शिरणार नाही.

नणंद संध्याकाळी आली ती डोळे चोळत. डॉक्टरने थेंब घातले होते, सगळं धूसर दिसत होतं. तिने दिव्याखाली गोधडी हातात घेतली, जवळ नेली, लांब धरली.

"वहिनी, हे विटकरी..."

"काय?"

"मी हे आत ठेवले होते का?"

टाकेबाईंनी मशीनवरचं दोऱ्याचं रीळ काढून घेतलं. "जसे होते तसे शिवले मी."

नणंदेने विटकरी तुकड्यांवरून बोट फिरवलं. मग गोधडीची हळूहळू घडी घालत म्हणाली, "मग माझीच नजर गेली असणार. मला वाटत होतं कडेला ठेवलेत. मी शपथेवर सांगितलं असतं, कडेला ठेवलेत."

टाकेबाईंना तिथेच सांगता आलं असतं. हसण्यावारी सुद्धा नेता आलं असतं. पण आत कुठेतरी त्यांना बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याला त्या घाबरल्या, म्हणून गप्प बसल्या.

पुढच्या बुधवारी नणंद आली नाही. "डोळ्यांनी दगा दिला म्हणावं, रंगातलं आता मला काही विचारू नका म्हणावं," असा निरोप तिने टाकेबाईंकडेच दिला. टाकेबाईंनी गोधडी पसरली. मोठ्या बाई म्हणाल्या, "छान आहे," परीक्षेत काठावर पास झालेल्या मुलीला म्हणतात त्या आवाजात. डॉक्टरीणबाईंनी नुसती मान हलवली. आणि मग सगळी दुपार नणंदेच्या डोळ्यांवर गेली. बिचारी, इतकी गुणी बाई, कुणीतरी तिला भेटायला जाऊ, कुणीतरी मोठ्या डॉक्टरचा पत्ता देऊ. आजारी पडून सुद्धा बाईने बाजी मारली. जिच्या टाक्यांनी ती भिंतीएवढी गोधडी जोडली होती तिला कुणी चहा घेणार का म्हणूनही विचारलं नाही.

घरी नणंद पुन्हा खिडकीशी बसायला लागली. एका सकाळी टाकेबाई डबा भरत होत्या आणि मागच्या खोलीतून आवाज आला, "दादा, जरा बघ रे, हे मोजे एकाच रंगाचे आहेत ना?"

"आहेत गं. दोन्ही निळे."

"नक्की ना?"

टाकेबाईंच्या हातातलं झाकण डब्यावर नीट बसेना.

यजमानांनी बहिणीला पुन्हा डॉक्टरकडे नेलं. टाकेबाई दुकानात होत्या, एक गिऱ्हाईक पँट आखूड होईपर्यंत स्टुलावर बसलं होतं. जिन्याखाली सावली पडली. नणंद उभी होती. "तुमचं चालू द्या," ती म्हणाली आणि बाहेर थांबली. टाकेबाईंनी शिलाई पुरी केली, दोन्ही पाय जुळवून बघितले, पँट कागदात गुंडाळून दिली. गिऱ्हाईक गेलं. नणंद आत आली, स्टुलावर बसली.

"वहिनी, माझे डोळे ठणठणीत आहेत. रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं त्यांनी. एक चुकला नाही. त्या दिवशी थेंबांमुळे धूसर दिसत होतं, तेवढंच."

"बरं झालं की."

"घरी जाऊन मी गोधडी कपाटातून काढून उजेडात बघितली. ती मांडणी माझी नाही."

टाकेबाईंनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. काहीही सांगता आलं असतं. वाऱ्याने टाचण्या निघाल्या, मांजर शिरलं. त्या म्हणाल्या, "मी हलवले तुकडे."

"का?"

"तुमचं कौतुक ऐकवत नव्हतं मला."

नणंदेने मान डोलावली, जशी काही एखादी किंमत ऐकली. "दुकानात मशीन आणलं ना, तेव्हा मला वाटलं याहून वाईट काही व्हायचं नाही. पण त्या मशीनने मला माझ्याच डोळ्यांवर संशय घ्यायला लावला नव्हता. इतके दिवस मी दादाला दाखवून मोजे घालतेय, वहिनी. मोजे!"

"चुकलं माझं."

"चुकतं ते नकळत. तुम्ही हे मोजूनमापून केलंत."

 बाहेर कुणीतरी वाकून विचारलं, चेन बदलून मिळेल का. दोघी एकदमच म्हणाल्या, "उद्या या."

त्या संध्याकाळी मागच्या खोलीत दोघी जमिनीवर समोरासमोर बसल्या आणि उसवायला लागल्या. शिवण सुटता सुटेना. नणंद वैतागून म्हणाली, "इतकं घट्ट कशाला शिवलंत?"

"वाईट शिवायची सवय नाही मला."

"हो, बाकी सगळ्याची आहे."

यजमान दारातून डोकावले. "अगं, झालेली गोधडी का उसवताय?"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" टाकेबाई म्हणाल्या. त्याच वेळी नणंद म्हणाली, "दादा, तू जा बघू." ते गेले. आणि दोघींच्या तोंडावर हसू येतायेता राहिलं, कारण हसायची वेळ अजून आली नव्हती.

मंडळात नणंदेने सांगितलं की थेंबांमुळे घोटाळा झाला होता, आता नजर साफ आहे. दुसरं काही बोलली नाही. जिना उतरताना टाकेबाई आभार मानायला लागल्या तर म्हणाली, "तुमच्यासाठी नाही. दादाच्या कानावर जायला नको म्हणून." टाकेबाई त्यावरही मनात जळल्या. मोठेपणा घेण्यातही हीच वरचढ, आणि वर तो मोठेपणा नाही असंही तिनेच म्हणायचं.

विटकरी तुकडे पुन्हा कडेला बसले आणि गोधडी भिंतीवर लागली. मंडळातल्या सगळ्या बघायला गेल्या होत्या. दालनात एक माणूस येरझाऱ्या घालत होता, तो गोधडीसमोर आला की थांबायचा, मग पुन्हा चालायला लागायचा. टाके बघायला कुणी जवळ गेलं नाही. गोधडी उंचावर होती, आणि तिची उलटी बाजू आता कायमची भिंतीकडे. टाकेबाई सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. सुंदर दिसतेय, असं त्यांना वाटलं, आणि ते वाटताना दुखलंही. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे त्यांना तोवर ठाऊक नव्हतं.

थोड्या दिवसांनी नणंदेने दोन गल्ल्या पलीकडे एक खोली भाड्याने घेतली. भांडून नाही. "मला माझी खिडकी पाहिजे," एवढंच म्हणाली. यजमान रविवारी तिच्याकडे जायचे आणि तिचे चांगले असलेले नळही दुरुस्त करून यायचे. मंडळाला मागण्या येत राहिल्या, शाळेकडून, एका हॉटेलकडून, आणि त्या कामांत या दोघीच लागायच्या. टेबलाच्या दोन टोकांना बसायच्या. मांडणी एका टोकावरून निघायची आणि दुसऱ्या टोकाला पोचायची. टाकेबाई ती आता आहे तशीच शिवत. कधी एखादा तुकडा हातात घेऊन जास्त वेळ बघत राहिल्या की पलीकडून आवाज यायचा, "वहिनी, तो तिथेच बरा आहे."

"मी कुठे काय केलं?"

"अजून नाही केलंत."

बाकीच्यांना वाटे, नणंद-भावजयीची थट्टा चाललीय.

एका बुधवारी नवी बाई आली, केशभूषेच्या दुकानात काम करणारी, हातात नव्या सुयांचं पाकीट. रिकामी खुर्ची टाकेबाईंच्या शेजारी होती. तिने हळूच विचारलं, "मला काहीच येत नाही. इथे सगळ्यांत चांगलं कोण करतं हो?"

टाकेबाईंनी दोरा दातांनी तोडला.  नवी बाई वाट बघत राहिली.

"त्या तिकडे बसल्यात ना, त्या," टाकेबाई म्हणाल्या. "जा, त्यांच्याजवळ जाऊन बस."

बाई उठली. ती दोन पावलं गेली असेल नसेल, टाकेबाईंना राहवेना. त्यांनी मागून हाक मारली, "पण गाठ मारायची कशी, ते त्यांना विचारू नकोस. त्याला माझ्याकडे ये."